आधी निकाल, मग वाचन

इंग्रजी एम.ए.चे प्रकल्प आणि चर्चासत्रांतले निबंध वाचण्याचं काम अलीकडे वारंवार वाट्याला येतं. शीर्षक वाचलं की आतला मजकूर न उघडताच सांगता येतो. अमुक लेखकाच्या निवडक कादंबऱ्यांतील विस्थापन. तमुक लेखिकेच्या निवडक कथांतील अस्मितेचा शोध. 'निवडक' म्हणजे बहुधा हाती लागलेल्या. सुरुवातीला फुको, भाभा, स्पिवाक यांची हजेरी, मग कथानकाचा गोषवारा, मग त्यातली पात्रं फुकोला दुजोरा देतात आणि निष्कर्ष येतो. कादंबरीतलं एखादं वाक्य कोण बोलतंय, कोणाला ऐकू जावं म्हणून बोलतंय, याची दखल शेवटच्या पानापर्यंत कोणी घेत नाही.

इंग्रजी साहित्य शिकून विद्यार्थी नेमकं काय शिकतो, या प्रश्नाचं आजचं प्रामाणिक उत्तर असं की तो पुस्तकांविषयीची मतं शिकतो. ती मतं पुरोगामी असतात, बऱ्याचदा योग्यही असतात. मॅकॉलेचं 1835चं टिपण त्याला ठाऊक असतं. इंग्रजी साहित्य हा विषय राज्यकारभाराचं साधन म्हणून कसा वाढला, हे गौरी विश्वनाथन यांनी 1989 साली 'मास्क्स ऑफ काँक्वेस्ट'मध्ये दाखवलं, तेही तो परीक्षेत लिहून येतो. पण मूळ पुस्तक समोर ठेवून 'हे पान वाच आणि सांग' म्हटलं की त्याची गाडी अडते.

एक उदाहरण घेतो, कारण ते आता सगळ्यांच्या तोंडी आहे. जेन ऑस्टिनची 'मॅन्सफील्ड पार्क', 1814. एडवर्ड सैदनं 1993 साली 'कल्चर अँड इम्पीरियलिझम'मध्ये या कादंबरीतलं अँटिगा उजेडात आणलं. सर थॉमसच्या घरातली सुबत्ता वेस्ट इंडीजमधल्या मळ्यावर पोसलेली आहे आणि त्याच्याकडे वाढणाऱ्या फॅनीनं गुलामांच्या व्यापाराविषयी विचारल्यावर खोलीत शांतता पसरते. ही शांतता आता नोट्समध्ये साम्राज्याच्या अपराधी मौनाचं उदाहरण म्हणून कायमची बसली आहे.

आता ते पान उघडा. पहिली गोष्ट, हा प्रसंग आपल्यासमोर घडतच नाही. आदल्या रात्री काय झालं ते फॅनी सर थॉमसच्या मुलाला, एडमंडला, सांगते आहे. दुसरी गोष्ट, तिनं पुढे का विचारलं नाही याचं कारण ती स्वतःच देते: मावस भावंडं काही न बोलता, काही रस न दाखवता बसली होती, अशात आपण सर थॉमसच्या बोलण्यात कुतूहल दाखवलं, तर त्यांच्या मुलींना खाली पाडून स्वतः पुढे पुढे केल्यासारखं दिसेल, असं तिला वाटलं. तिसरी गोष्ट, आणि ही नोट्समधून हटकून गळते: एडमंड म्हणतो की तू आणखी विचारलं असतंस तर बाबांना आवडलंच असतं. म्हणजे गप्प बसले ते कंटाळलेले भाऊबहीण. मळ्याचा मालक बोलायला तयारच होता. यानं सैदची बाजू पडते का? मुळीच नाही. उलट ती जास्त भयंकर होते. ज्या घरात गुलामगिरी लपवण्याजोगीसुद्धा वाटत नाही, जेवणानंतरच्या गप्पांत तिचा फक्त कंटाळा येतो, ते घर अपराधी भावनेनं गप्प बसणाऱ्या घरापेक्षा अधिक निर्ढावलेलं आहे. पण इथवर पोचायला पान वाचावं लागतं.

गंमत अशी की हे वाचायला लागणारी सामग्री आपल्या विद्यार्थ्याकडे केंब्रिजच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त आहे. फॅनी मावशीच्या घरी वाढते आहे. दुसरी मावशी, मिसेस नॉरिस, तिला तिची पायरी उठताबसता दाखवते. शिकायला शहरातल्या नातेवाइकांकडे राहिलेल्या कुठल्याही मुलीला चारचौघांत प्रश्न विचारण्यापूर्वी फॅनी काय काय तोलते हे समजावून सांगावं लागत नाही. तिला हे अंगानं कळतं. आम्ही मात्र तिला आधी 'सबाल्टर्न' शिकवतो आणि नंतर, वेळ उरला तर, फॅनी.

आणि सैद? त्याच्या मृत्यूनंतर 2004 साली आलेल्या 'ह्युमॅनिझम अँड डेमोक्रॅटिक क्रिटिसिझम'मधला 'द रिटर्न टु फिलॉलॉजी' हा निबंध त्याच्या भक्तांनी वाचायला हवा. शब्दाशी थांबून, धीरानं वाचण्याकडे परत चला, असंच तो त्यात सांगतो. गुरूचा हा सल्ला सोयीस्कर नसल्यामुळे अभ्यासक्रमात आला नाही.

बाकीच्या प्रवाहांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. कम्युनिकेशन स्किल्स हा साहित्याचा अभ्यास नव्हे. तो बायोडेटा लिहिण्याचा वर्ग आहे, आणि तेवढ्यापुरता उपयोगी आहे. डिजिटल ह्युमॅनिटीज म्हणजे आपल्याकडे अजून तरी पॉवरपॉइंट. देशीवाद्यांनी इंग्रजी विभागांवर तोफा डागल्या, पण त्यांचे म्होरके नेमाडे स्वतः आयुष्यभर इंग्रजी आणि तौलनिक साहित्य शिकवत होते, हे शिष्य विसरतात.

मला जिची बाजू घ्यायची आहे ती पद्धत कोणाच्याच खिजगणतीत नाही. तालुक्याच्या कॉलेजात एक सर असत. पुस्तक हातात धरून ओळ इंग्रजीत वाचायची, मग तीच मराठीत सांगायची. त्यांची चेष्टा झाली, कारण हे 'साहित्य शिकवणं' नव्हे, 'भाषांतर' आहे म्हणे. अरे, पण त्या वर्गात प्रत्येक ओळ वाचली जायची! भाषांतरात चुकवेगिरी चालत नाही; उपरोध कळला नसेल तर मराठी वाक्य लगेच चुगली करतं. मराठीतले मोठे वाचक याच तालमीतून आले. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र व 'राजा लिअर' त्यांनी मराठीत आणले. 'सौंदर्यमीमांसा' लिहिणारे रा. भा. पाटणकर इंग्रजीचे, विलास सारंगही इंग्रजीचे. यांच्यापैकी कोणी इंग्रजी वाचताना मराठी दाराबाहेर ठेवली नव्हती. आज त्याच विभागांत मराठीत उत्तर देणाऱ्या मुलाला कच्चा समजतात, आणि 'हायब्रिडिटी'वर पाठ केलेला परिच्छेद उतरवणाऱ्याला पहिला वर्ग देतात.

यावर ठरलेला आक्षेप येतो: बारकाईचं वाचन ही उच्चभ्रूंची चैन आहे, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला सिद्धांत हवेत, त्यानं त्याला बळ मिळतं. हा आक्षेप घेणाऱ्यांची स्वतःची मुलं काय वाचतात ते एकदा पाहावं. संज्ञांचा पाठांतर-धडा हेच पहिल्या पिढीच्या माथी मारलेलं नवं घोकंपट्टीचं ओझं आहे. संज्ञा दर दहा वर्षांनी बदलतात. जुन्या पाठ केलेला माणूस तेव्हा पुन्हा अडाणी ठरतो. आणि परीक्षेनं या ओझ्यावर सरकारी शिक्का मारला. 2012 साली नेटचा तिसरा पेपरही पर्यायी उत्तरांचा झाला. कालक्रम लावा, जोड्या जुळवा. एकही कविता न वाचता इंग्रजीचा प्राध्यापक होण्याची पात्रता मिळवता येते, आणि मग तोच पुढच्या वर्गासमोर उभा राहतो.

उपाय नवा नाही. आय. ए. रिचर्ड्सनं केंब्रिजच्या मुलांना कवींची नावं झाकून कविता दिल्या, आणि हुशार मुलांनीही त्या किती भलत्या वाचल्या हे 1929च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये मांडलं. एम.ए.च्या निम्म्या पेपरांत तेवढंच करावं. लेखकाचं नाव नसलेलं एक पान, उत्तर इंग्रजीत किंवा मराठीत, संज्ञा वापरल्यास गुण नाहीत. तपासायला फार वेळ जाईल, अशी तक्रार प्राध्यापक करतील. जाईल, कारण अशा उत्तराला तयार मॉडेल ॲन्सर नसतं, आणि तपासणाऱ्यालाही ते पान आधी वाचावं लागतं. या प्रस्तावाला खरा विरोध तिथूनच होईल, विद्यार्थ्यांकडून नव्हे.