अक्षर आणि कागदी घर

बालवर्गात ‘घ’ शिकविताना कागदी घर कापावयाचे आणि त्यात भातुकली मांडावयाची, ही रीत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. हेतू उत्तमच. परंतु बसवकल्याणात तिची खरी परीक्षा होते. १९५६ साली हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. येथील मराठी घरातले मूल दोन लिप्यांमध्ये वाढते. कन्नडमध्ये घर म्हणजे ‘मने’, तेव्हा शेजारच्या मुलाच्या लेखी तेच कागदी घर ‘म’चे! उलट ‘मासा’ आणि ‘मीनु’ या दोहोंचा आरंभ ‘म’नेच होतो, ध्वनी एक, वळण निराळे. तयार कागदी संचांना हा विवेक कोठून असणार? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले, ते भोवतालच्या वस्तू हाती घेऊनच.

दुसरे उणे अधिक गंभीर आहे. कात्री घराच्या कडेने फिरते, ‘घ’च्या वळणाने नव्हे. विजयादशमीस तांदळात बोट धरून अक्षर गिरविले जाते, तेव्हा ते वळण हाताला कळते. माँटेसोरीबाईंची खरखरीत अक्षरेही हेच साधतात. भातुकली मात्र हवीच. तिच्यात दुकान मांडून दोन्ही लिप्यांतील पाटी लावावी, म्हणजे अक्षराला काही काम मिळेल.