रझांचे वाळवंट आणि आपले ‘अरण्य’

आपल्या मराठी शास्त्रात इस्राएल लोक ‘अरण्यात’ भटकले आणि प्रभू येशूची परीक्षाही ‘अरण्यात’ झाली. शब्द भारदस्त खरा. पण तो कानी पडताच मराठी श्रोत्याच्या मनात दंडकारण्य उभे राहते, पाण्यावाचून तडकलेली भूमी नव्हे. (ग्वाल्हेरकर बंधूंना चंबळेच्या उजाड घळी ठाऊक आहेत, त्यांना समजावण्याचे श्रम थोडे.) सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) ह्यांची ‘राजस्थान’ व ‘सौराष्ट्र’ ही चित्रे उपदेशकांनी पाहावीत, असे म्हणण्याचे कारण हेच.

रझा मूळचे वनातले. मंडला जिल्ह्यात, वनखात्यात नोकरी करणाऱ्या पित्याच्या घरी ते वाढले. शिक्षण नागपूर व मुंबईच्या कलाशाळांत झाले. १९५० साली ते फ्रान्सला गेले आणि आयुष्याचा बहुतेक काळ तेथेच राहिले; मायदेशाच्या वाऱ्या मात्र सुटल्या नाहीत. त्यांच्या वाळवंटात उंट नाही, विहीर नाही. राजपूत लघुचित्रांप्रमाणे चौकटींत विभागलेला पट, आणि त्यात शेंदरी, तांबडा, गेरूचा रंग पेटलेला. मधूनच दाट काळा. १९८३ चे ‘सौराष्ट्र’ दोन मीटर लांब व तितकेच रुंद आहे. २०१० साली लंडनच्या लिलावात त्याला सोळा कोटींहून अधिक रुपये आले. वृत्तपत्रांनी तेवढेच लक्षात ठेवले.

हा तांबडा रंग शोभेचा नव्हे. तो उन्हाचा दाह आहे, आणि त्याच वेळी कुंकवाचा, मंगलाचाही आहे. उजाड म्हणजे रिते, हा आपला समज तो मोडून काढतो. येथवर मी रझांचा ऋणी आहे.

परंतु यशयाच्या पस्तिसाव्या अध्यायात अरण्य फुलते ते पाणी फुटल्यामुळे; तेथे लंगडा उडी मारतो, आणि उद्धारलेल्यांना परतण्यासाठी राजमार्ग होतो. रझांच्या भूमीवर वाट नाही, परतणारा कोणी नाही. पुढे त्यांच्या कलेचे केंद्र झालेला ‘बिंदू’ हे बीज आहे. पंचमहाभूते त्यातूनच उमलतात. अशा बीजाला कोणाच्या येण्याची प्रतीक्षा नसते. ही कल्पना थोर आहे, पण तिच्यात तहान नाही. १९८६ साली सौराष्ट्रातील राजकोट शहराला आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. त्या भूमीचे तेज रंगवणाऱ्याने तिची कोरड वगळावी, हे मला खटकते.

कदाचित ती कोरड त्या काळ्या रंगात असेल. काळा हा सर्व रंगांची जननी, असे रझा मानीत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही अंधार नष्ट होत नाही. देव त्याला प्रकाशापासून वेगळा करतो आणि त्याला रात्र हे नाव देतो. ‘सौराष्ट्र’ पाहताना आधी त्या काळ्यापाशी थांबावे. तांबडे मागाहून पाहावे.