अपक्षांची संघटना

अमेरिकेच्या राजकारणावर पुस्तके पुष्कळ निघतात; परंतु कोणत्याही पक्षाचा नसलेला मतदार हाच ज्याचा नायक, असे पुस्तक विरळा. जॅकलिन सॅलिट यांचे २०१२ साली प्रसिद्ध झालेले ‘इंडिपेंडंट्स रायझिंग’ अशांपैकी आहे. लेखिका तटस्थ निरीक्षक नव्हेत. अपक्ष मतदारांच्या चळवळीच्या त्या स्वतःच संघटक. त्यामुळे लेखनास आतल्या माहितीचे बळ आले आहे. तसाच वकिलीचा दोषही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांनी निवडणुकीचे काम केलेले असेल. आपल्या मतदारयादीत नाव, वय असते. पक्षाचा रकाना नसतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदाराच्या नोंदणीतच तो असतो. न्यूयॉर्कमध्ये तो कोरा ठेवणाऱ्यास पक्षांचे उमेदवार ठरविणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येत नाही. आणि जेथे एकाच पक्षाचे प्राबल्य, तेथे खरा निकाल त्याच फेरीत लागतो. तिचा खर्च मात्र सरकारी तिजोरीतून! लेखिकेचे गाऱ्हाणे आम्हांस पूर्णपणे न्याय्य वाटते.

अडचण पुढे आहे. २००१ साली मायकेल ब्लूमबर्ग न्यूयॉर्कचे महापौर झाले, ते सुमारे ३५ हजारांच्या मताधिक्याने. ते रिपब्लिकन उमेदवार होते. पण त्या राज्यात एकाच उमेदवाराचे नाव दोन पक्षांच्या ओळींत छापता येते. ‘इंडिपेंडन्स पार्टी’च्या ओळीवर त्यांना सुमारे ५९ हजार मते पडली. अपक्षांनी बळ दाखविले, पण एका पक्षाच्या ओळीवरून आणि एका धनाढ्याच्या पाठीशी राहून. २००३ साली शहराच्या निवडणुका पक्षविरहित करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तेथील मतदारांनी तो मोठ्या बहुमताने फेटाळला. उलट २०१० साली कॅलिफोर्नियातील मतदारांनी प्राथमिक फेरी सर्वांना खुली करणारा प्रस्ताव मान्य केला.

२०२३ च्या गॅलप पाहणीत ४३ टक्के अमेरिकनांनी स्वतःस अपक्ष म्हणविले. या संख्येत लेखिका एक उगवता समाज पाहतात. आम्हांस ते मान्य नाही. त्यांतील बहुतेकांचा कल कोणत्या तरी एका पक्षाकडे असतोच. रकाना कोरा ठेवणाऱ्यांची मते एक नसतात. हक्क तेवढा एक असतो. चळवळ त्या हक्कासाठी भांडते तेथे पुस्तक प्रत्ययकारी होते. सर्वांच्या वतीने बोलू लागते तेथे सैल पडते. तरीही मतदारयादीकडे केवळ कामाचा कागद म्हणून पाहणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे.