‘उपवास’ म्हणजे नेमकं काय? एका सूचनापत्रकाची चिकित्सा

आरोग्यविषयक संशोधनात रुग्णाच्या हाती दिलेला कागद हाही तपासण्याचा मजकूर असतो. बेरियम तपासणीचं एक मराठी सूचनापत्रक माझ्यासमोर आहे. त्यात ‘उपवास’ ठेवायला सांगितलंय. सातारा-सांगलीकडे उपवासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, चहा, सगळं चालतं! जठराच्या तपासणीला हवं असतं रिकामं पोट, साधारण ६ ते ८ तास.

का, ते पत्रक सांगत नाही. साधा एक्स-रे म्हणजे फोटो. फ्लुओरोस्कोपी म्हणजे हलतं चित्र. प्यायलेलं बेरियम घशातून जठरात उतरताना पडद्यावर दिसतं. पोटात अन्न उरलं असेल, तर ते गाठीसारखं भासू शकतं. मग जत किंवा माणहून मिरजेला आलेल्या माणसाला दुसरी खेप आणि पुन्हा किरणं.

धूम्रपानाला मनाई आहे, पण मिश्री-तंबाखूचं नाव नाही. त्यानं लाळ वाढते आणि बेरियमचा थर नीट बसत नाही. ‘हलू नये’ हेही अर्धवटच. इथे रुग्णाला सांगतील तेव्हा गिळायचं, श्वास रोखायचा, कुशीवर वळायचं असतं.

गरोदरपणाची विचारणा ठळक आहे, हे चांगलं. मधुमेहाच्या गोळ्या आणि तपासणीनंतर भरपूर पाणी पिणं, याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

तुमचं संमतिपत्र छापण्याआधी गावातल्या दोघा-तिघांना वाचायला द्या. ‘कळलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘आता तुम्ही काय कराल?’ असं विचारा.