जीवनसत्त्व ‘अ’ आणि गोवर लसीकरण : भिवंडीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
२०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. त्या काळात लसीकरणासोबत बालकांना जीवनसत्त्व ‘अ’ देण्यावर भर देण्यात आला. या दोन उपायांच्या सांगडीमुळे जीवनसत्त्वाची मात्रा लसीचा गुण वाढवते, असा समज सहज रूढ होतो. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
जीवनसत्त्व ‘अ’ श्वसनमार्ग व आतडे यांचे अस्तर सुस्थितीत राखते आणि प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींच्या वाढीस साहाय्य करते. त्याच्या अभावी गोवर तीव्र रूप धारण करतो. म्हणूनच रुग्ण बालकास सलग दोन दिवस त्याच्या मात्रा देतात. मात्र उपचारातील ही उपयुक्तता लसीच्या बाबतीत जशीच्या तशी गृहीत धरता येत नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियातील अभ्यासात सहा महिन्यांच्या बालकांना लसीबरोबर हे जीवनसत्त्व दिले असता, मातेकडून आलेली प्रतिपिंडे ज्यांच्या रक्तात होती त्यांच्यात लसीचा प्रतिसाद घटला. याउलट गिनी-बिसाऊतील १९९७ च्या अभ्यासात नवव्या महिन्यातील लसीबरोबर ते दिल्यावर प्रतिपिंडांची पातळी, विशेषतः मुलग्यांत, अधिक आढळली. म्हणजेच वय, मातृप्रतिपिंडे व मूळची पोषणस्थिती यांचा विचार न करता सरसकट विधान करणे शास्त्रास धरून नाही. २०२२ मध्ये केंद्र शासनाने उद्रेकग्रस्त भागांत विशिष्ट परिस्थितीत सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही लस देण्याची सूचना केली होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

आपल्याकडे नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख एककांची पहिली मात्रा देतात. पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख एकके, अशा पाच वर्षांपर्यंत एकूण ९ मात्रा असतात. एकाच भेटीत दोन्ही कामे होणे ही या सांगडीची मोठी सोय आहे. परंतु भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात, जेथे परप्रांतीय कामगारांची कुटुंबे सतत ये-जा करतात, तेथे हीच सोय गैरसोय ठरू शकते. ज्या बालकाची लस चुकते त्याची पहिली मात्राही चुकते; आणि बहुधा तेच बालक अधिक कुपोषित असते.

निष्कर्ष :
कुपोषण हे लस लांबविण्याचे कारण नव्हे, आणि जीवनसत्त्वाची मात्रा हा लसीला पर्याय नव्हे. लस चुकलेली बालके व मात्रा चुकलेली बालके यांच्या स्वतंत्र नोंदी ठेवून दोहोंचा स्वतंत्र पाठपुरावा व्हावा. तसेच मात्रांवर न थांबता बालकाच्या रोजच्या आहाराकडेही लक्ष द्यावे.