साडेतीन इंचांत कुणाचं नाव?

गेल्या वर्षी दशलक्षण पर्व झाल्यावर आमच्या महिला मंडळानं विक्रीचं प्रदर्शन भरवलं होतं. दोन दिवस, मंगल कार्यालयाचा हॉल, सव्वीस टेबलं. लोणची, सांडगे, खाकरे, इरकली साड्या, शिवलेले ब्लाऊज, पूजेची वस्त्रं, रांगोळीचे साचे. हिंडता हिंडता मी प्रत्येक टेबलावरचं कार्ड उचलत गेले आणि घरी येऊन ती सगळी जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. चष्मा लावून वाचत बसले. पुस्तकांची परीक्षणं लिहायची खोड लागलेल्या बाईला लग्नपत्रिकासुद्धा नुसती वाचता येत नाही, त्यातलाच प्रकार.

पण कार्डांवर लिहायला बसले त्याचं कारण तिखट आहे, म्हणजे अगदी शब्दशः. प्रदर्शनात घेतलेली कारळाची चटणी आमच्याकडे चार दिवसांत संपली. मुलीला हैदराबादला पाठवायची म्हणून आणखी दोन किलो हवी होती. कार्डावरचा नंबर लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज, मागं हातोड्याची ठोकठोक. "कसली चटणी? हे गॅरेज आहे." मग जरा थांबून, "हां हां, ती आमच्या घरात करतात. संध्याकाळी करा फोन." संध्याकाळी माझ्याकडे पाहुणे आले, दुसऱ्या दिवशी मी विसरले, आणि तिसऱ्या दिवशी खडेबाजारातून दुसरीच चटणी घरात आली. त्या बाईला हे कधी कळलंही नसेल. तिच्या हाताला चव आहे, प्रदर्शनात तीन तास उभी राहून तिनं गिऱ्हाईक मिळवलं, आणि ते एका कार्डानं घालवलं.

कार्ड पुन्हा काढून बघितलं. वर मोठ्या अक्षरात आडनाव आणि 'फूड प्रॉडक्ट्स'. खाली 'प्रोप्रा.' म्हणून नवऱ्याचं नाव. कोपऱ्यात तीर्थंकरांचं चित्र, दुसऱ्या कोपऱ्यात कलश, मधे झेंडूच्या माळा. चटणी हा शब्द कुठंच नाही. बाईचं नावही नाही.

म्हणून मोजायलाच घेतलं. सव्वीसपैकी सात कार्डांवर बाईचं स्वतःचं नाव होतं. बाकीच्यांवर नवरा, सासरा, मुलाच्या नावाचं 'एंटरप्रायझेस', नाहीतर नुसतं आडनाव. पीठ मळणारे हात एकीचे आणि प्रोप्रायटर दुसराच. यात कुणाची वाईट बुद्धी असते असं मला वाटत नाही. प्रेसमधला मुलगा "प्रोप्रायटर कोण?" असं विचारतो, प्रेसमध्ये गेलेला असतो नवरा, आणि तो आपलं नाव सांगून मोकळा होतो. बाई घरी पापड वाळत घालत असते.

आता कलेची बाजू बघू, कारण तिथंही रडच आहे. कार्ड म्हणजे साडेतीन इंच बाय दोन इंच. एवढ्या जागेत आपण पूर्ण पुरवणी छापायला बघतो. एका कार्डावर मी अठरा पदार्थ मोजले, शिवाय 'सर्व प्रकारच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील'. अक्षर इतकं बारीक की वेलांटी आणि रफार एकमेकांत शिरलेले. इंग्रजीत सहा पॉइंटचं अक्षर कसंबसं निभतं. आपल्या नागरीला वर मात्रा, खाली उकार, पोटात जोडाक्षर, तिला जागा लागते. आठ-नऊ पॉइंटच्या खाली गेलात की 'कुरडई'ची 'करडई' होते. त्यातून गडद मरून रंगावर पांढरी बारीक अक्षरं काढली की संपलंच. चार रंगांची छपाई एकावर एक बसते, ती केसभर जरी सरकली तरी बारीक अक्षराच्या कडा बुजून जातात. पांढऱ्या कागदावर नुसत्या काळ्या शाईतलं अक्षर नव्वद टक्के बायकांना पुरेसं आहे, पण काळं-पांढरं म्हणजे दहाव्याचं कार्ड असा आपला समज. हौस असेल तर नावाला एखादा रंग द्यावा की, कोण नको म्हणतंय!

शब्दांची मोडतोड हा आणखी एक प्रकार. 'श्राविका' या शब्दातला 'श्र' फुटून दोन तुकडे झालेलं एक कार्ड माझ्यापुढं आहे. दुसऱ्यावर 'पिठलं'ची वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसलीय. आपण मोबाईलवर टाइप करून पाठवतो ते युनिकोडमध्ये असतं, प्रेसच्या संगणकावर बऱ्याचदा जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतात, आणि एकातून दुसऱ्यात जाताना जोडाक्षरं जखमी होतात. उपाय सोपा आहे. मोबाईलवर आलेल्या चित्रावर 'ओके' म्हणायचं नाही. खऱ्या मापात कागदावर एक प्रत काढून मागायची, ती हातात धरून मोठ्यानं वाचायची, आणि त्यावरचा नंबर आपल्याच फोनवरून लावून बघायचा. पडद्यावर चमकणारा हिरवा कागदावर शेवाळासारखा उतरतो, तेही तेव्हाच कळतं.

नंबरावरून आठवलं. एका भगिनीनं मराठीच्या प्रेमापोटी फोन नंबर मराठी आकड्यांत छापलाय. प्रेम कबूल. पण आपल्या बेळगावात गिऱ्हाईक कानडी आहे, उर्दू बोलणारं आहे, बाहेरून शिकायला आलेली मुलं आहेत. मराठी एक हा त्यांना इंग्रजी नऊ दिसतो. नंबर तेवढा इंग्रजी आकड्यांत असू दे. लिपीचा वाद आपल्याकडे दुकानाच्या पाट्यांवरून चालतो, त्याचे कायदेही आहेत, पण कार्ड आपलं आपल्या हातात असतं. तिन्ही भाषा एकाच बाजूला कोंबलेली कार्डं मी बघितली. एसटी स्टँडवरची वेळापत्रकं बरी. पुढं मराठी, मागं कानडी नाहीतर इंग्रजी, असं दोन्हीकडून छापलं तर खर्च थोडा वाढतो, पण गोकाकहून आलेली बाई ते हातात घेऊन वाचते तरी. एरवी कार्डाची मागची बाजू रिकामी ठेवायची, आणि तिच्यावर ते गुळगुळीत चकचकीत प्लास्टिक चढवायचं नाही. त्यावर पेन चालत नाही, आणि गिऱ्हाईक मागं काय लिहितं? 'बुधवारी, दोन डझन.' यापेक्षा मोलाचं काही त्या कार्डावर असूच शकत नाही.

आता थोडं नाजूक बोलते. देवाचं चित्र. आपला भाव मी जाणते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढल्याशिवाय मलाही चैन पडत नाही. पण कार्डाचं पुढं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली जातं, त्यानं दात कोरले जातात, शेवटी उकिरड्यावर पडतं. त्या प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल झाडताना कचऱ्यात तीर्थंकरांची चित्रं होती, आणि ती वेचायला आमच्यातल्याच दोघी वाकल्या होत्या. बस्तीत जाताना पायातलं काढून ठेवणारे आपण, ही चित्रं हजारांनी छापून वाटतो. आणि धंद्याच्या नजरेनं बघितलं तरी तेवढ्या जागेत 'कारळाची चटणी' हे दोन शब्द मावले असते.

'जैन फूड' हाही असाच एक शब्द. बाहेरच्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की कांदा-लसूण नसेल. आपल्यातल्या आपल्यात विचारा, एकीच्या घरी बटाटा चालतो, दुसरीकडे कुठलंच कंदमूळ नाही, तिसरीकडे चातुर्मासात हिरवी भाजी बंद. मग कार्डावरच्या 'जैन'चा अर्थ गिऱ्हाइकानं काय घ्यायचा? काय नाही ते सरळ लिहावं.

हे ज्या कार्डात बरोबर जमलंय तेच आता सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती नाकं मुरडते. वडगावच्या एका अक्काचं आहे. साधा, जाडसर, पांढरा कागद. मधोमध तिचं नाव, तिचंच, ठळक. त्याखाली 'घरगुती डबा आणि पुरणपोळी'. मग तीन ओळी: कांदा, लसूण, बटाटा, कंदमुळं नाहीत. संध्याकाळचा डबा पाच वाजता मिळेल. पोळीची ऑर्डर आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगावी. नंबर. संपलं. फूल नाही, माळ नाही. पण पाच वाजताचा डबा ही एक ओळ वाचल्यावर सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दुसरी जाहिरात लागत नाही. ती ओळ ज्यांच्यासाठी आहे त्यांना ती लगेच कळते, आणि इतरांना नुसती वेळ कळते. 'आदल्या दिवशी सांगावी' यातही कसा ठाम सूर आहे बघा. विनवणी नाही, 'एकदा अवश्य भेट द्या' नाही. जिला आपल्या कामाचं माप ठाऊक आहे तिची ही भाषा. या पानात कवितासंग्रहाचं कौतुक करायची वेळ आली असती तर मी याहून जास्त शब्द खर्चले नसते.

"आता व्हॉट्सअॅपच्या काळात कार्ड कशाला?" असं आमच्या घरात विचारून झालंय. प्रश्न चुकीचा नाही. पण मोबाईलमधला नंबर 'पापड' नावानं सेव्ह होतो आणि सहा महिन्यांनी चार 'पापड' सापडतात. फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं कार्ड सासूला, सुनेला, कामाला येणाऱ्या मावशीला, सगळ्यांना दिसतं. क्यूआर छापायचा असला तर जरूर छापा, फक्त पावणेएक इंचापेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा सोडा, आणि तो पैसे भरायचा की नंबर घ्यायचा, ते खाली लिहा. मी एकदा पत्ता मिळेल म्हणून स्कॅन केला आणि मोबाईलनं विचारलं, किती रुपये पाठवू?

घरातली गोष्ट निघालीच आहे तर तीही सांगून टाकते. माझी धाकटी जाऊ गेली चार वर्षं लहान मुलांचे कपडे शिवते. या कार्डांच्या पसाऱ्यापाशी बसून ती म्हणाली, "वैनी, मला पण करून द्या की एक." लगेच दिरांचं सुरू झालं. घरच्या बाईचा नंबर बाजारभर फिरायला नको. वेळी-अवेळी कोण कुठले फोन येतील. मला राग आला, पण नुसता राग कामाचा नव्हता. अशा फोनांचा त्रास खरा आहे. तो झालेल्या दोघीतिघी माझ्या ओळखीच्या आहेत. म्हणून वेगळं सिमकार्ड घेतलं, ते फक्त कामाचं, रात्री आठनंतर बंद. कार्डावर 'वेळ ११ ते ६' घातलं. घराचा पूर्ण पत्ता टाकला नाही, नुसती गल्ली आणि जवळची खूण. पुढचा वाद नावाचा. दीर म्हणाले, निदान खाली माझं नाव राहू दे, लोक ओळखतात. ओळखतात हे खरं. जाऊबाई काही बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, "झबल्याचं माप घ्यायचं असलं तर फोन तुम्ही उचलणार काय?"

कार्डं हजार छापायची नाहीत, एवढं मात्र मी अडून बसले. प्रेसवाले म्हणतात ते खोटं नाही, ऑफसेटला शंभरात आणि हजारात दरात फार फरक पडत नाही, कारण प्लेट काढायचा खर्च तोच. पण आमच्याकडे सासऱ्यांच्या जुन्या एजन्सीची, फोन नंबर बदलल्यामुळे बाद झालेली कार्डं अजून माळ्यावर आहेत. दोन पिढ्यांनी त्यांच्या पाठीवर पाढे लिहिले, किराणा लिहिला, तरी संपत नाहीत. आम्ही डिजिटल छपाईवर शंभर काढली. एक कार्ड थोडं महाग पडलं, पण चूक झाली तर शंभरातच.

आणि चूक झालीच. पहिली प्रत कागदावर आली ती सासूबाईंना दाखवली. त्यांनी हात लांब केला, जवळ आणलं, पुन्हा लांब केलं. "नाव दिसतंय गं. नंबर नाही दिसत. माझ्या वयाच्या आज्ज्याच नातवंडांना झबली घेतात, त्यांना कसं दिसणार?" जाऊनं खालची वेलबुट्टी काढायला लावली आणि त्या जागेत नंबर वाढवला. दुसरी प्रत परवा यायची आहे.