विश्वासराव वाचले, मग मुलगा कुठे गेला?

एखाद्या व्यक्तीच्या शेवटावरून मराठी माणसाने घातलेला सगळ्यात लांबलेला वाद पानिपतावरचा आहे. 14 जानेवारी 1761 रोजी दुपारनंतर विश्वासरावांना गोळी लागली. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत दिसेनासे झाले. विश्वासरावांचं मरण लोकांनी रडून स्वीकारलं, भाऊंचं मात्र मान्यच केलं नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. 1776 साली स्वतःला भाऊ म्हणवणारा तोतया रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडला तेव्हा कोकणातले किल्ले भराभर त्याच्या बाजूला गेले. पुढे पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं आणि तेही रंगभूमीवर गाजलं. विलायतेत 1893 साली कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलला आणि वाचकांच्या रेट्यापुढे दहा वर्षांनी परत आणला. आपल्याकडे परत आणायला लेखकच नव्हता, म्हणून लोकांनी तोतयाला आणला.

हे आठवण्याचं कारण मराठी विज्ञानकथा. पानिपताचा हा वाद विज्ञानकथेत आणला तो जयंत नारळीकरांनी. गेल्या वर्षी-दोन वर्षांत त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं. कोल्हापुरात जन्म, केंब्रिज, तिथले गुरू हॉइल, 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवणं (आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांना नावाचं दडपण नको) आणि पहिलं बक्षीस मिळवणं. मे 2025 मध्ये ते गेल्यावर हे सगळं पुन्हा छापून आलं, ते योग्यच झालं. पण त्यांनी घालून दिलेल्या वाटेवर आज काय उगवलं आहे, आणि छोट्या पडद्यावर तर काहीच का उगवलं नाही, हे विचारायला आता हरकत नाही.

'यक्षांची देणगी' या संग्रहातली 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही त्यांची बहुधा सगळ्यात जास्त वाचली गेलेली कथा. इंग्रजी रूपात ती केंद्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या पुस्तकातही आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला निघतात आणि भलत्याच मुंबईत उतरतात. तिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे आणि ईस्ट इंडिया कंपनी मुंबई, कलकत्ता, मद्रास इथल्या छोट्या पट्ट्यांपुरती उरली आहे. ग्रंथालयात बसून ते इतिहासाचे खंड काढतात आणि वाट नेमकी कुठे फुटली ते शोधतात. सापडतं ते बखरीच्या एका पानावर: गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली. संध्याकाळी आझाद मैदानावर सभा असते आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी. मराठी विद्वानाला ती बघून राहवेल कसं? पंत जाऊन बसतात, भाषण सुरू करतात आणि मार खातात. (ही चेष्टा करणारा लेखक पुढे 2021 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, यावर नारळीकर स्वतः नक्की हसले असतील.)

वाचक बोलतात ते या कानाला चाटून गेलेल्या गोळीबद्दल. मला मात्र दरवेळी कथेतली दुसरीच जागा अडवते. मुंबईत उतरल्यावर पंत पहिल्यांदा मुलाच्या कचेरीत जातात. तिथली बाई टेलिफोनची यादी बघते, कर्मचाऱ्यांची यादी बघते, सगळ्या शाखांची वही चाळते आणि मान हलवते. या नावाचा माणूस इथे नाही, कुठल्या शाखेतही नाही. पंतांच्या मनात येतं की या जगात आपणच नसू तर मुलगा कुठून असणार, कदाचित तो जन्मलाच नसेल. मग ते आभार मानून बाहेर पडतात आणि ग्रंथालयाचा रस्ता धरतात.

पोटचा मुलगा विश्वातून पुसला गेला, आणि बाप संदर्भग्रंथ शोधायला निघाला! नारळीकरांनी हे चार-सहा ओळींत उरकलं. पंतांचा स्वभाव म्हणून ते खपूनही जातं, पुस्तकी माणूस आहे. पण कथेचा खरा पेच तिथे होता. विश्वासराव वाचले त्याची किंमत या घरात एका मुलाने दिली. हा सौदा तुम्हाला मंजूर आहे का? वाचकाला दोन तट पाडून भांडायला लावील असा प्रश्न लेखकाच्या हातात आला होता आणि त्याने तो टेबलावर ठेवून दिला. कथा नंतर जाते भौतिकशास्त्रज्ञ मित्राच्या दिवाणखान्यात, जिथे पुंजवादाची उकल होते. उकल छान आहे. पण मुलाचं नाव पुन्हा कुणी काढत नाही.

मराठी विज्ञानकथेचं बळ आणि दुखणं दोन्ही मला या एका ठिकाणी दिसतं. नियम पक्के, माणूस कच्चा. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर या मंडळींनी दिवाळी अंकांतून वाचक तयार केला, त्यांचं ऋण मोठं आहे. लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा तर अपवाद म्हणून सांगावी अशी. मरणाच्या दारातल्या शास्त्रज्ञाचा मेंदू त्याचं संशोधन पुरं व्हावं म्हणून जिवंत ठेवायचा. इथे शेवट कुणाच्या हातात असावा हा प्रश्नच कथा आहे. पण अशा कथा थोड्या. एरवी आपल्या विज्ञानकथेतल्या किती माणसांची नावं तुम्हाला आठवतात? कल्पना आठवतात, नावं नाहीत. नारळीकरांच्या 'वामन परत न आला' मध्ये एका लुप्त संस्कृतीच्या ज्ञानातून घडवलेला यंत्रमानव आहे आणि आपल्यासारखे आणखी घडवावेत अशी त्याची ओढ आहे. केवढं मोठं पात्र! पण त्याचा शेवट कादंबरीच्या नावातच सांगून टाकला आहे, आणि तो परत यायला हवा होता असं म्हणणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

पडद्यावरच्या यंत्रमानवांसाठी मात्र आम्ही रडलो आहोत. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबो' ही जपानी मालिका लागायची. शेवटच्या भागात तो प्रचंड रोबो शत्रूच्या सम्राटाला मिठीत घेऊन अंतराळात झेपावतो. मनगटावरच्या यंत्रातून मुलगा त्याला परत ये म्हणून हाका मारतो. आजवर प्रत्येक हुकूम पाळणारा रोबो हा एकच हुकूम पाळत नाही. आमच्या बेळगावच्या गल्ल्यांतून चाळीशी-पन्नाशी उलटलेल्या माणसांना विचारा, हा प्रसंग हातवारे करून सांगतील. 2010 साली शंकरच्या 'एंदिरन'मध्ये, आमच्याकडे 'रोबोट' म्हणून आलेल्या, चिट्टीला न्यायालयाच्या आदेशाने स्वतःचे भाग सुटे करावे लागले. बेंगळुरातल्या मराठी घरात जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाडांनी, म्हणजे रजनीकांतनी, तो प्रसंग असा केला आहे की पायाचा स्क्रू काढतानाही चिट्टी गप्पा मारत असतो. हा निकाल बरोबर की चूक यावर आमच्या गावात वाद झाला, साहजिकच झाला. सीमावादाच्या खटल्यात 2004 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या तारखा मोजणाऱ्या गावाला न्यायालय आणि नशीब हा विषय नवा नाही.

मराठी वाहिन्यांकडे वळलं की शेवटाचा अर्थच बदलतो. तिथे माणूस मरतो तो कथेच्या गरजेने कमी आणि कलाकाराच्या तारखांनी जास्त. कुणी मालिका सोडली की अपघात, टीआरपी घसरला की पुनरागमन, काहीच सुचेना की सात वर्षांचा लीप. 'रात्रीस खेळ चाले' हे यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण, आणि आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी म्हणून आमच्या भागात ती घरची मालिका. 2016 साली गोष्टीला सुरुवातच झाली ती अण्णा नाईकांच्या मरणाने. लोकांना मेलेले अण्णा इतके आवडले की 2019 मध्ये मागच्या काळात जाऊन जिवंत अण्णा आणले, त्यांची प्रेयसी शेवंता आणली, आणि तिसऱ्या पर्वात दोघं भुतं होऊन हजर. माधव अभ्यंकरांचं काम जबरदस्त, त्यात वाद नाही. बेळगावच्या शहापुरातल्या चहाच्या टपरीवर 'शेवंताचं असं करायला नको होतं' यावर मी तावातावाने झालेलं भांडणही ऐकलं आहे. पण ते भांडण लवकर विझलं, कारण ती परत येणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. मेलेलं माणूस पुढच्या सोमवारी उठून बसणार असेल तर त्याच्या मरणावर किती वेळ भांडायचं?

परदेशी चाहते याच मुद्द्यावर चिडतात. 13 मे 2005 रोजी 'स्टार ट्रेक : एंटरप्राइज'चा शेवटचा भाग लागला, त्यात ट्रिप टकर हा सगळ्यांचा लाडका अभियंता मारला. तक्रार मरणाची नव्हती. तो भाग आधीच्या दुसऱ्याच मालिकेतल्या लोकांनी बघितलेला एक आभासी खेळ म्हणून रचला होता, आणि हुशार माणसाला उगाच मूर्खपणाने मरायला लावलं होतं. म्हणजे मालिकेने स्वतःचेच नियम मोडले. 2007 मध्ये एका कादंबरीने ते मरण बनाव होता असं ठरवून टाकलं, आणि वाद आणखी चिघळला. 2009 मध्ये 'टॉर्चवुड'मधला इयांटो जोन्स मेल्यावर कार्डिफच्या धक्क्यावर चाहत्यांनी त्याचं स्मारक मांडलं, फुलं वाहिली, चिठ्ठ्या लावल्या. न जन्मलेल्या माणसाची समाधी हा वेडेपणा वाटेल. मला त्यात लेखकाचं यश दिसतं. ज्याच्या मरणावर भांडायला लोक उभे राहतात ते पात्र लेखकाच्या हातून सुटून लोकांचं झालेलं असतं.

मराठीत असं पात्र उभं करणारे लेखक नाहीत असं कोण म्हणेल? निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरण चालवत लिहीत राहिले. त्यांच्या गॅरेजातली, टॅक्सी अड्ड्यावरची, तंबाखूच्या वखारीतली माणसं आडनावासकट, शिव्यांसकट डोळ्यांपुढे राहतात. विज्ञानकथेला कमी आहे ती या हाताची. वखारीत बसून तंबाखू निवडणाऱ्या बाईला आपलं दुसऱ्या जगातलं आयुष्य दिसलं तर ती काय करील, हे प्रयोगशाळेतल्या डॉक्टरेट झालेल्या नायकापेक्षा मला केव्हाही जास्त वाचायचं आहे. पण आमच्या ग्रामीण लेखकाला विज्ञान आपलं वाटलं नाही, आणि विज्ञानलेखकाला निपाणीचा स्टँड कधी दिसला नाही. दिवाळी अंकांत दोघं शेजारी छापून येत राहिले, एवढंच.

खरं तर 'असं झालं असतं तर' या साहित्यप्रकाराला बेळगावइतकी पिकलेली जमीन दुसरी नाही. 1946 च्या इथल्या साहित्य संमेलनात, माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यातून बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून प्रत्येक मराठी घरात एक न घडलेलं बेळगाव नांदत आलं आहे. मात्र आमच्याही कल्पनेला गंगाधरपंतांचीच खोड आहे: नकाशा बदलतो, कुटुंब विसरतो. सीमेची रेघ पलीकडून गेली असती तर धारवाडहून बदली होऊन आलेला कारकून इथे आला नसता, अनगोळच्या मुलीशी त्याचं लग्न झालं नसतं, आणि आज मोर्चात पुढे चालणारे, दोन्ही बाजूंच्या मोर्चांत, काही जण जन्मालाच आले नसते. हे कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

तेरा भागांची मालिका लिहायला मला कुणी सांगितलं तर मी पंतांना मुंबईऐवजी आमच्या स्टेशनवर उतरवीन. पानिपत जिंकलेल्या जगातलं बेळगाव. 1818 साली इथला किल्ला इंग्रजांनी घेतलेला नाही, म्हणून लष्करी कॅम्प नाही. इंग्रजांचं राज्य नाही, म्हणून 1924 चं गांधींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशन नाही. पाचव्या-सहाव्या भागापर्यंत प्रेक्षक खूश राहील. मग मी कित्तूर आणीन. आपल्या इतिहासात राणी चन्नम्मांनी दत्तकाच्या हक्कासाठी 1824 मध्ये कंपनीशी युद्ध केलं, कलेक्टर थॅकरे त्यात पडला, आणि राणी बैलहोंगलच्या कैदेत गेल्या. त्या दुसऱ्या जगात समोर कंपनी नाही, कित्तूरकडून खंडणी घेणारा पेशवा आहे. दत्तक तो मंजूर करील की संस्थान खालसा करील? केलं, तर राणी तलवार उपसणार, आणि संगोळ्ळी रायण्णा तिच्या बाजूने जंगलात शिरणार. मराठी वाहिनीचा प्रेक्षक त्या रात्री कुणाच्या बाजूने बसणार? त्या भागाचा शेवट मी अजून ठरवलेला नाही. दोन्ही शेवट लिहून पाहिले, आणि दोन्ही वेळा कन्नड शेजाऱ्याने आणि मराठी शेजाऱ्याने मला वेगवेगळ्या कारणांसाठी शिव्या घातल्या.